पुन्हा पाना लावण्याआधी

चुंबक खाली पडलं तेव्हा मला कळलं. फ्रिजच्या दाराला चिठ्ठी अडकवायचं साधं चुंबक, रंगाला ओरखडा नको म्हणून मऊ फडक्यात गुंडाळलेलं. बाबांच्या १९७५ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या उजव्या बाजूला ते जिथे लावावं तिथे घट्ट बसत होतं. डाव्या दाराखालच्या लांब पेटीवर, गॅरेजवाले जिला सिल म्हणतात तिथे, ते टेकलं आणि घसरून जमिनीवर आलं. चुंबक पत्र्याला धरतं, लांबीला, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायच्या पुटीला, धरत नाही. माझ्या हातातल्या बिलावर मात्र लिहिलं होतं: ‘डावी सिल कापून नवा पत्रा.’

गाडी सात महिने गॅरेजात होती. त्या काळात प्रत्येक वेळी ‘ताई, नवी कोरी करून देतो’ एवढंच ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मला दोन गोष्टी कराव्याशा वाटल्या. एक म्हणजे तडक जाऊन त्या माणसाला जाब विचारावा, आणि दुसरी म्हणजे गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच चांगल्या मिस्त्रीकडे नेऊन सगळं नीट करून घ्यावं. माझी खात्री आहे की अशा प्रसंगात सापडलेल्या प्रत्येकाला नेमकं हेच सुचतं. या दोन्ही गोष्टी काही दिवस थांबवा, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. वाईट काम हाच तुमचा पुरावा आहे. दुसऱ्या मिस्त्रीने पाना लावला की तो पुरावा गेला. मग पहिला म्हणणार, ‘मी दिली तेव्हा गाडी ठीक होती, नंतर कोणी हात लावला मला काय ठाऊक?’ आणि त्याला खोटं पाडायला तुमच्याकडे काहीही उरलेलं नसेल.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे का घडतं, तेही समजून घ्यायला हवं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि १९७४पासून पद्मिनी या नावाने निघालेल्या या गाडीत १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे एकेकाळी हीच गाडी, त्यामुळे डोळे मिटून ती खोलणारे मिस्त्री नाक्यानाक्यावर होते. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. तिच्यावर पोट असलेले कारागीर त्याआधीच थकले होते, नाहीतर दुसऱ्या कामाला लागले होते. आज गाडी ज्याच्या हाती पडते त्याला ती येतेच असं नाही. शिवाय कंपनीची किंमतसूची नाही, सुटे भाग जुन्या बाजारातून शोधून आणायचे. ‘पार्ट मिळत नाही, बनवून घ्यावा लागेल’ हे वाक्य कधी पूर्ण खरं असतं, तर कधी त्याच्या आड काहीही खपवलं जातं. मालकाला दर ताडून पाहायची सोयच नसते.

संशय आला की सगळ्यात आधी गाडी चालवणं बंद करा. ब्रेक किंवा स्टिअरिंगला हात लागलेला असेल तर ही सूचना शब्दशः पाळा. पुष्कळ जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच हायड्रॉलिक लाइन असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइलच्या जागी चुकून इंजिन ऑइल घातलेलं असेल तर रबरी सील फुगतात, आणि हे पहिल्या दिवशी नव्हे तर काही दिवसांनी कळतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला टेकलेला दिसला किंवा फ्यूज न लावता पीळ मारून टेप गुंडाळलेल्या वायरी दिसल्या, तर बॅटरीची तार काढून ठेवा. गाडी हलवायचीच असेल तर ट्रकवर चढवून हलवा. तो खर्च झाला तरी चालेल, आणि त्याची पावती जपून ठेवा, पुढे मागणीत धरता येते.

मग फोटो काढा. फोटो तुमच्या समाधानासाठी नाहीत, अनोळखी माणसाला कळावं म्हणून काढायचे आहेत. आधी पूर्ण गाडी नंबरप्लेटसकट, मग त्याच बाजूचा मधला फोटो, मग जवळून दोष. जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. चुंबकाचा व्हिडिओ काढताना ते आधी चांगल्या पत्र्यावर लावून दाखवा, मग लांबीवर. त्या दोन्हींतला फरकच बोलतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत तो अधिक भरणारच, तेवढ्याने कोणी दोषी ठरत नाही. पण आकडा १००० च्या वर गेला की तिथे जाड लांबी आहे असं समजा. मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नका, व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्या वेळी मूळ फोन तुमच्याजवळ असलेला बरा.

सिलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक सर्वात जास्त इथेच लपते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पेटी आणि फ्लोअरचा पत्रा गाडीचं वजन पेलतात. चांगला डेंटर सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापतो, त्याच जाडीचा नवा तुकडा जोडतो, आतून गंजरोधक मारतो, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवतो आणि शेवटी वरवर पातळ लांबी फिरवतो. लबाड किंवा आळशी माणूस भोकात कापड, वर्तमानपत्राचा बोळा, कधी जाळी कोंबतो आणि वरून लांबी थापतो. घासून रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात. लांबी ओल धरते, म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर रंगाला फोड येतात. माझ्या गाडीत हेच झालं होतं, ती मे महिन्यात आली आणि सप्टेंबरात फुगली. आणखी एक परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर असताना दाराच्या फटीत कार्डाचा पुठ्ठा फिरवून पाहा, मग एका बाजूला सांभाळून जॅक लावून तेच करा. जॅक लावल्यावर दार घासायला लागलं किंवा फट स्पष्ट बदलली, तर सांगाडा कमजोर आहे. असं झालं तर जॅक लगेच उतरवा, आणि गाडीखाली अजिबात जाऊ नका.

इंजिनचं काम उघडल्याशिवाय पुष्कळ तपासता येतं. ‘बोअर करून नवे पिस्टन-रिंग घातले’ असं बिल असेल तर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून १० ते १५ टक्क्यांहून जास्त लांब नसावेत. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंग-बोअरचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असण्याचा संभव मोठा. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर थोडा निळा धूर येऊ शकतो. त्यावरून मिस्त्रीला चोर ठरवू नका.

एक कागद मात्र जरूर मागा. साधं गॅरेज बोअरिंग स्वतः करत नाही. ब्लॉक मशीन शॉपला जातो, हेड फेसिंगला जातं, क्रँक ग्राइंडिंगला जातो. तिथलं बिल कुठे आहे? आणि जुने पिस्टन, जुन्या रिंगा, जुनी बेअरिंग कुठे आहेत? भंगारात टाकले असं उत्तर येतं. ते खरं असू शकतं, पण मशीन शॉपचं नावही सांगता येत नसेल तर बोअरिंग झालंच नाही असं मानायला जागा आहे. माझ्या बाबतीत मशीन शॉपचं नाव मिळालं. मी तिथे गेले, तर त्यांनी फक्त हेड फेसिंग केल्याचं वहीत पाहून सांगितलं. त्या नोंदीचा फोटो पुढे इतर सगळ्या कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

आरसी बुक घेऊन इंजिन नंबर आणि चासी नंबर प्रत्यक्ष वाचा. नंबर जुळत नसेल किंवा घासलेला असेल तर हे प्रकरण साध्या वाईट कामाचं राहिलं नाही. जुन्या गाडीच्या मालकाला सावध राहायला आणखी एक कारण आहे. २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज नोंदणीची सोय केली. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही त्यातली अट आहे. म्हणजे पन्नाशीला आलेल्या गाडीचा सांगाडा कोणी न विचारता कापून बदलला, तर तुमचं नुकसान पत्र्याच्या किमतीएवढंच नसतं.

आता सुट्या भागांची अदलाबदल. मूळ सोलेक्स कार्बोरेटर, मूळ मीटर, ग्रिल, बॅज, चाकांच्या टोप्या यांना आज मागणी आहे, आणि त्या जागी नकली भाग बसवून दिला तर नव्या मालकाला कळत नाही. गाडी गॅरेजला देण्याआधीचे जुने फोटो शोधा. लग्नातले, सहलीतले, विक्रीच्या जाहिरातीसाठी काढलेले, कोणतेही चालतील. माझ्या भावाने पाच वर्षांपूर्वी बॉनेट उघडून काढलेल्या एका फोटोत कार्बोरेटरच्या अंगावरचा जुना चरा स्पष्ट दिसत होता. गाडीत बसवलेल्या कार्बोरेटरला तो चरा नव्हता.

एवढं झालं की तिसऱ्या माणसाचं लेखी मत घ्या. तो तुमच्या नव्या गॅरेजचा मालक नसलेला बरा, कारण पुढचं काम त्यालाच मिळणार असेल तर त्याच्या मताला वजन राहत नाही. विमा नियामकाचा परवाना असलेला मोटार सर्व्हेअर किंवा चार्टर्ड इंजिनिअर फी घेऊन पाहणी अहवाल देतो. जुन्या गाड्यांची नजर असलेला माणूस हवा असेल तर मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांकडे विचारा. अहवालात ‘काम निकृष्ट’ असं मोघम नको. बिलातली प्रत्येक ओळ, तिच्यासमोर प्रत्यक्षात काय आढळलं, आणि ते नीट करायला लागणारा खर्च, असं हवं. काही उघडून पाहावंच लागणार असेल तर तारीख ठरवून पहिल्या गॅरेजला आठवडाभर आधी लेखी कळवा: अमुक दिवशी अमुक ठिकाणी लांबी काढून पाहणार आहोत, हजर राहा. तो आला तर त्याच्यादेखत होईल, नाही आला तर बोलावलं होतं याची नोंद राहील. लांबी खरवडताना सलग व्हिडिओ काढा, निघालेला मलबा पिशवीत भरून तारीख घाला. माझ्या सिलमधून वर्तमानपत्र निघालं. त्यावरची तारीख गाडी गॅरेजात होती त्या महिन्यातली होती, त्यामुळे ‘हे आधीपासून असेल’ म्हणायची सोय राहिली नाही.

अहवाल हातात आला की अडाणीपणा आणि लबाडी वेगळी करा. काम केलं पण वाईट केलं, ही एक गोष्ट. केलंच नाही आणि पैसे लावले, किंवा चांगला भाग काढून घेतला, ही दुसरी. आणि पत्रा उघडल्यावर आतून अधिक गंज निघाला म्हणून खर्च वाढला, तर तो बहुतेक वेळा कोणाचाच दोष नसतो. फक्त तसं वेळेवर सांगितलं होतं का, एवढंच विचारायचं. या तीन गोष्टी एकत्र कालवल्या की तक्रार भडक होते आणि कमकुवत ठरते. त्याचं जे काम चांगलं झालंय तेही लिहा. माझ्या गाडीची वायरिंग त्याच गॅरेजने सुरेख केली होती, आणि मी ते पहिल्याच पत्रात नोंदवलं.

त्याला सुधारायची संधी द्यावी का? रंग, काचेचं रबर, दाराचं हँडल अशा कामांत जरूर द्या, तारीख लिहून, एकदाच. ब्रेक, स्टिअरिंग आणि सांगाड्याचं वेल्डिंग या तिन्हींत देऊ नका. ज्याने तिथे एकदा कागद कोंबला त्याच्या हाती पुन्हा जीव देण्याचं कारण नाही. तिथे पैसे परत मागा.

गाडी अजून त्याच्याच ताब्यात असेल तर प्रश्न नाजूक होतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. मात्र काम ठरल्याप्रमाणे आणि योग्य मुदतीत झालेलं असावं लागतं. वाद असला तरी गाडी उन्हापावसात कुजू देण्यापेक्षा रक्कम बँकेतून भरा आणि त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम हरकत राखून, केवळ गाडीचा ताबा मिळवण्यासाठी देत आहे. रोख देऊ नका. आणि ‘काम समाधानकारक, तक्रार नाही’ असं छापलेल्या कागदावर सही मागितली तर सहीच्या वर ‘तपासणी बाकी’ असं स्वतःच्या हाताने लिहा.

बिलाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. लहान गॅरेजकडे जीएसटी क्रमांक नसणं म्हणजे फसवणूक नव्हे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. क्रमांक नसताना जीएसटी आकारला असेल तर मात्र तो मुद्दा तुमच्या बाजूचा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे दिले असतील तरी घाबरू नका. यूपीआयचे व्यवहार, ‘आज एवढे पाठवा’ असे निरोप, कामाचे पाठवलेले फोटो, हे सगळं सेवेचा मोबदला दिल्याचं दाखवतं. आणि बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

यानंतर नोटीस. ती वकिलानेच द्यावी असं नाही. दोन पानं पुरतात: गाडी कधी दिली, काय ठरलं, किती दिले, काय आढळलं, काय हवं, किती दिवसांत. १५ दिवसांची मुदत रास्त. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच प्रत व्हॉट्सॲपवरही टाका. मागणी मोजून करा: न झालेल्या कामाचे पैसे, बिघडवलेलं नीट करण्याचा खर्च दोन लेखी अंदाजांसह, गायब झालेले भाग किंवा त्यांची किंमत, अहवालाची फी, गाडी वाहून नेण्याचा खर्च. बाबांच्या आठवणीची किंमत मी मागणीत लावली नाही. तिने आकडा फुगतो आणि बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेल्या दोन सोयी लोकांना अजून ठाऊक नाहीत. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, गॅरेज कुठेही असो. आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मुदत दोन वर्षांची. गाडी महिनोन् महिने उघडूनच न पाहणाऱ्या मालकांना ही मुदत फसवते, म्हणून घरी आल्या आल्या तपासा. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असं धरून चालू नका.

पोलिसांकडे जायचं ते मूळ भाग काढून घेतल्याचा किंवा नंबरात छेडछाड झाल्याचा पुरावा असेल तरच. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आणि फसवणुकीचं ३१८ आहे, पण नुसतं वाईट काम तिथे टिकत नाही. आणि समाजमाध्यमांवर ‘चोर’ असं लिहू नका. जे सिद्ध करता येईल तेवढंच, वस्तुस्थिती म्हणून लिहा. बदनामीचा दावा झाला तर तुमची ताकद तिकडे खर्च होते.

पुष्कळ प्रकरणं नोटिशीनंतर किंवा आयोगाच्या मध्यस्थीत मिटतात. माझं नोटिशीनंतर मिटलं. अशा वेळी समोरचा अचानक नरम पडतो, कोऱ्या कागदावर ‘सर्व मिटलं’ असं लिहून आणतो आणि तासाभरात सही मागतो. तसं करू नका. तडजोडीच्या कागदात रक्कम, तारीख आणि परत द्यायच्या भागांची यादी एकेक करून लिहा. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय आणि भाग हातात घेऊन पाहिल्याशिवाय सही नको. आमच्या कागदात नऊ भाग होते. मी गॅरेजच्या दारातच गोणपाट अंथरून ते मांडायला लावले, भावाचा तो फोटो फोनवर मोठा केला आणि कार्बोरेटर उजेडात फिरवून पाहिला. चरा जागेवर होता. मग सही केली.